सोळा वेळा मोजलेली चूक

शोभाताई, तुमच्या तेरवीला नाचणगावला आलो होतो. मांडवात बसलेली माणसं सांगत होती की तुम्ही फार शांत होता, कधी कोणाला उलटून बोलला नाहीत. मी पत्रावळीवरचा भात चिवडत ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, ही माणसं नेमकी कोणाबद्दल बोलत आहेत? एकवीस वर्षं ज्या बाईने मला वर्गासमोर, एकदा तर बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर, "सर, हे बरोबर नाई" असं सरळ सांगितलं, ती शांत होती म्हणे.

मी तुमच्यावर चिडलेलो आहे. स्वतःवरही. कॉलेजच्या वार्षिकासाठी प्राचार्यांनी 'दोन पानी काहीतरी भावपूर्ण' लिहायला सांगितलं आहे. कागद घेऊन बसलो की भावपूर्ण काही येत नाही, भांडणच आठवतं. तेव्हा तेच लिहितो. तुम्हालाही फुलाफुलांचं आवडलं नसतं.

मी नागपुरातून एम.टेक. करून वर्ध्याच्या आपल्या पॉलिटेक्निकमध्ये रुजू झालो तेव्हा तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये प्रयोगशाळा सहायक होता. शिक्षण आयटीआयचं, रेडिओ-टीव्ही ट्रेडचं, आणि त्या तुकडीत तुम्ही एकट्याच मुलगी. रोज नाचणगावच्या घरून पुलगाव स्टेशन गाठून पॅसेंजरने यायचं, लॅबचं कुलूप उघडायचं, सोल्डरिंगच्या, म्हणजे तारा जोडायच्या, इस्त्र्या तपासायच्या. पहिल्याच आठवड्यात मी मुलांना एडीसी शिकवत होतो. हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो: मायक्रोकंट्रोलर ही बोटाच्या पेराएवढी चिप असते, तिला फक्त आकडे कळतात. बाहेरचं ऊन, ओल, दाब हे आकड्यांत येत नाही, ते तारेतून कमी-जास्त व्होल्टेजच्या रूपात येतं. त्या व्होल्टेजचा आकडा करून देणारा चिपमधला भाग म्हणजे एडीसी. त्या दिवशी एका मुलीने विचारलं, "सर, पिनला काहीच जोडलं नाही, तरी आकडे का येतात?" मी फळ्यावर नॉइजची, म्हणजे तारेत शिरणाऱ्या विजेच्या गोंगाटाची, व्याख्या लिहायला लागलो. तुम्ही मागून आलात, त्या मुलीचं बोट धरून उघड्या पिनेजवळ, चिपच्या मोकळ्या पायाजवळ, नेलं. पडद्यावरचे आकडे उड्या मारायला लागले.

"उघडी पिन हाय," तुम्ही म्हणालात. "तिले सोताचं काई माईत नसते. ते कोनाचंबी ऐकते. जे वापरत नाई ते जमिनीले जोडून ठेवजा."

जमीन म्हणजे सर्किटमधली शून्य व्होल्टची तार. मुलं हसली. मी ओशाळलो. माझी व्याख्या अर्धवटच राहिली आणि त्या वर्षी पेपरात तो प्रश्न आला तेव्हा अर्ध्या वर्गाने तुमचंच वाक्य लिहिलं. मी त्यांना पूर्ण गुण दिले, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

दुसरं भांडण उन्हाळ्यातलं. लॅबमधले आठही बाक एकदम तापमान वाढलेलं दाखवायला लागले. मी सेन्सर खराब निघाले असं म्हणून पुरवठादाराला कडक पत्र लिहायला घेतलं होतं. तुम्ही माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिलात.

"सर, आठ सेन्सर एकाच दुपारी बिघडतेत का?"

"मग काय झालं असेल?"

"फूटपट्टी पाहा ना आधी. फूटपट्टीच आखूड झाली तं कापड लांबच भरन."

तुम्ही मीटर लावून दाखवलं. उन्हाळ्यात लाइनचा दाब उतरला की आपला जुना पॉवर सप्लायही खाली यायचा. पाच व्होल्टच्या जागी साडेचारच्या आसपास. एडीसी ज्या व्होल्टेजशी तुलना करून मोजतो तेच घसरलं होतं, सेन्सर बिचारे खरं सांगत होते. मी पत्र फाडलं. त्यानंतर आपल्या लॅबमध्ये तुलनेचं व्होल्टेज वेगळ्या, स्थिर चिपमधून द्यायचं असं ठरलं आणि तुम्ही प्रत्येक बोर्डावर ती चिप स्वतः बसवली. ठरावात 'विभागाने केले' असं आहे. विभाग म्हणजे तुम्ही होता.

मी तुम्हाला कितीदा म्हटलं, हे सगळं लिहून काढा, आपण लॅबची पुस्तिका करू. रिलेची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचची, जाड तार आणि सेन्सरची बारीक तार एकाच जमिनीला का नाही जोडायची, बोर्डावरचा सोल्डरचा चिकट थर ब्रशने का घासून काढायचा, पिनेला जोडण्याआधी मीटर लावून व्होल्टेज का पाहायचं. तुम्ही ऐकलं नाहीत.

"लिवलं तं पोरं वाचतीन अन् हात लावनार नाई," असं म्हणायचात.

"मग तुम्ही नसाल तेव्हा काय?"

"मी कुठं चालली."

आता मुलं येऊन विचारतात आणि मला अर्धंच आठवतं. परवा एका मुलाने पिनेला थेट बारा व्होल्ट दिले. चिप गेली, धूर निघाला, तो घाबरला. मी त्याच्यावर ओरडलो. खरं तर ओरडायचं होतं तुमच्यावर.

आता रोहण्याचं. हे मला टाळायचं होतं, पण टाळलं तर बाकीचं सगळं लिहिणं फुकट आहे.

आर्वी तालुक्यातल्या रोहण्याला सोयाबीनचं बियाणं साठवणारा बायकांचा गट आहे. मंदाबाई त्यांच्या अध्यक्ष. मागच्या दिवाळीनंतर त्या आपल्याकडे आल्या होत्या. त्यांची अडचण साधी होती: पोत्यांच्या थप्पीत आत कुठे ओल राहिली की बी आतून तापतं, आणि तापलेलं बी जूनमध्ये पेरलं तर उगवत नाही. बाहेरून काही कळत नाही. कळतं तेव्हा पेरणी होऊन गेलेली असते. थप्पीच्या आत किती ऊब आहे हे सांगणारी पेटी करून द्याल का, असं त्यांनी विचारलं. मी लगेच हो म्हटलं. आठ सेन्सर, मण्याएवढे, लांब तारांवर. थप्पीत ठिकठिकाणी खोचायचे. एक मायक्रोकंट्रोलर, एक छोटा पडदा, आणि कुठे ऊब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की लाल दिवा. अशा चार पेट्या. आराखडा माझा, सोल्डरिंग तुमचं.

गोदामात वीज भरवशाची नाही, म्हणून पेटी सेलवर चालवायची होती. सेल पूर्ण हंगाम टिकावेत म्हणून मी सेन्सरसोबत फार मोठे रेझिस्टर घातले, म्हणजे वीज थेंबथेंब लागेल. वर एडीसीचा वेगही वाढवला, म्हणजे चिप झटपट मोजून परत झोपेल. कागदावर सुंदर दिसत होतं. कॉलेजच्या तंत्रप्रदर्शनात पहिली पेटी मांडायची होती आणि त्याला चार दिवस उरले होते.

तुम्ही पहिली पेटी जोडून झाल्यावर मला न विचारता एक चाचणी घेतली. स्टीलच्या डब्यात गरम पाणी, त्यात तीन नंबरचा सेन्सर आणि काचेचा थर्मामीटर. बाकीचे सात टेबलावर मोकळे. मी आलो तेव्हा तुम्ही पडद्याकडे बघत बसला होता.

"सर, थर्मामीटर अठ्ठेचाळीस दाखवून राह्यला. पेटी पंचेचाळीस म्हनते."

"तीन डिग्रीचा फरक येतो. सेन्सरच स्वस्तातले आहेत."

"अन् हा चार नंबर? हा तं हवेत पडला हाय. हा काऊन तीननं वाढला?"

मी पाहिलं. खरंच वाढला होता. मी म्हटलं, नॉइज असेल, प्रोग्रॅममध्ये आपण आठही सेन्सर सोळा वेळा मोजून सरासरी घेतो, ती नीट बसली की जाईल.

"सरासरीनं हे नाई जानार. हा तिसऱ्याचं उष्टं खाऊन राह्यला."

मग तुम्ही मला समजावलं, आणि ते इतकं नीट समजावलं की आजही मी ते त्याच शब्दांत सांगतो. चिपच्या आत वीज साठवणारा एकच इवलासा कंडेन्सर असतो. तो आळीपाळीने एकेका सेन्सरला जोडला जातो, त्या सेन्सरच्या व्होल्टेजइतका भरतो, आणि मग मोजला जातो. सेन्सरकडून धार जोरात असेल तर तो क्षणात भरतो. मी मोठे रेझिस्टर घालून धार बारीक केली होती आणि वेग वाढवून वेळही कमी केला होता. मग आधीच्या सेन्सरचं जे आत उरलेलं असतं ते पूर्ण जात नाही. "एकाच गिलासात आधी चहा देला, अन् न विसळता पानी देलं, तं पानी चहासारखंच लागन ना सर."

मला कळलं होतं, शोभाताई. त्याच क्षणी कळलं होतं. हेच मला लिहायचं आहे. मी ते एम.टेक.ला शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं. पण प्रदर्शनाला चार दिवस उरले होते, चारही पेट्यांचे बोर्ड छापून आले होते, आणि दारात तासिकेला आलेली मुलं उभी होती. मी म्हटलं, "ताई, सोळा वेळा मोजतोय आपण. सोळा."

"सोळा जनं एकच खोटं बोलले तं ते खरं होते का?"

मुलं हसली. मी हातातली फाइल टेबलावर आपटली आणि म्हणालो, "तुम्ही तुमचं सोल्डरिंग करा. डिझाइन माझ्याकडे राहू द्या."

तुम्ही डब्यातलं पाणी सिंकमध्ये ओतलंत, सेन्सर पुसून ठेवलात, आणि इस्त्री गरम करायला लावलीत. त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोललात. मांडवातल्या माणसांना वाटलेली शांत शोभा मी फक्त त्या दोन-अडीच महिन्यांत पाहिली, आणि ती मीच केलेली होती.

प्रदर्शनात पेटी गाजली. फलकावर माझं नाव होतं. तुमचं घालायचं राहिलं. 'राहिलं' हा शब्द किती सोयीचा आहे पाहा. डिसेंबरात चारही पेट्या रोहण्याला बसवून आलो. तुम्ही आला नाहीत, लॅब सोडून कशी येऊ म्हणालात. मी मनात ठरवलं की सवडीने दुरुस्ती करू. करायचं तरी काय होतं? प्रत्येक पिनेजवळ एक छोटा कंडेन्सर लावायचा, म्हणजे चिपला लागेल तेवढं तिथे आधीच भरून ठेवलेलं असेल. प्रोग्रॅममध्ये वेग कमी करायचा, आणि सेन्सर बदलला की पहिलं रीडिंग फेकून दुसरं घ्यायचं. तुम्ही कागदावर हे तिन्ही लिहून माझ्या टेबलावर ठेवलं होतं. मी तो कागद खणात टाकला. संक्रांत गेली, परीक्षा आल्या.

मग फेब्रुवारीतला तो मंगळवार.

तुम्ही मधल्या सुट्टीत पिशवीतून ब्लडप्रेशरचं यंत्र काढलंत. तुमच्या मुलीने, रश्मीने, नागपूरहून पाठवलं होतं. आठ-दहा आठवड्यांत पहिल्यांदा तुम्ही आपणहून माझ्याजवळ आला होता.

"सर, हे पाहा ना जरा. वरचा एकशे नव्वद दाखवते. मंग एकशे बहात्तर. मंग पुन्हा एकशे अठ्ठ्याऐंशी. हे यंत्र बराबर नाई वाटत."

मी पेपर तपासत होतो. वर पाहिलं नाही.

"सेल उतरले असतील."

"मलेबी तेच वाटलं. डोकं दुखते दोन दिवस, पन ते तं उन्हानं असन."

आणि मग मी ते बोललो. तुमची चाचणी, मुलांचं हसणं, सगळं मनात होतं. मी म्हटलं, "सोळा वेळा मोजा आणि सरासरी काढा."

तुम्ही पट्टा गुंडाळलात, यंत्र पिशवीत ठेवलंत. "बरं," म्हणालात.

शनिवारी सकाळी गाडीसाठी निघताना तुम्ही घराच्या ओट्यावरच कोसळलात. शेजाऱ्यांनी आधी पुलगावला नेलं, मग वर्ध्याला. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तुम्ही कोणाला ओळखत नव्हता. रविवारी दुपारी रश्मीने बाहेर येऊन नुसती मान हलवली.

मला तुमच्यावर राग कशाचा आहे हे आता सांगतो. एकवीस वर्षांत तुम्ही एकाही सेन्सरवर एकट्यावर विश्वास ठेवला नाहीत. बाजूला काचेचा थर्मामीटर लावल्याशिवाय तुम्ही कोणतं तापमान लिहून घेतलं नाहीत. मीटरवरसुद्धा शंका आली की दुसरा मीटर आणायचात. मग स्वतःच्या बाबतीत काय झालं होतं? नाचणगावहून पुलगावचा सरकारी दवाखाना किती लांब आहे? एका डॉक्टरकडून दुसऱ्या यंत्रावर मोजून घ्यायचं, एवढंच तर होतं. आणि तीन रीडिंग एकमेकांशी जुळत नव्हती तरी तिन्ही जास्तच होती. हे तुम्हाला दिसलं नाही? की दिसलं, आणि म्हणूनच माझ्याकडे आला होता?

हा शेवटचा प्रश्न मला झोपू देत नाही असं लिहिलं तर ते वाक्य छापील वाटेल. मी झोपतो. जेवतो, तास घेतो. पण पेपर तपासायला बसलो की हात थांबतो आणि मला वाटतं, कोणीतरी टेबलाशी उभं आहे आणि मी वर पाहत नाहीये.

तेरवीला जेवणं उरकल्यावर रश्मी माझ्याजवळ आली. म्हणाली, "सर, आईनं तुम्हाला काही सांगितलं होतं का? डोकं दुखतं वगैरे?" तिच्या हातात पाण्याचा जग होता, मागे बायका भांडी घासत होत्या. मी म्हटलं, "नाही."

चार दिवसांनी तिला फोन केला. सगळं सांगितलं, ते सरासरीचं वाक्यही. ती मग म्हणाली, "सांगितलं ते बरं केलं, सर." आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. मीही पुन्हा केलेला नाही. ती मला माफ करेल की नाही हे मला माहीत नाही, आणि विचारायचा हक्क नाही.

कॉलेजात शोकसभा झाली. दोन मिनिटं उभे राहिलो. ठरावात तुमचं पद चुकीचं वाचलं गेलं, 'लॅब अटेंडंट' म्हणून. मी उठून दुरुस्त केलं. उशिराच, पण केलं.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये एकटा बसलो. तुमचा कागद खणातून काढला. राखून ठेवलेला एक बोर्ड घेतला, डब्यात गरम पाणी घेतलं, तीन नंबरचा सेन्सर टाकला. तोच फरक आला, तीन डिग्री. चार नंबर हवेत असून वाढलेला. मग आठ पिनांजवळ आठ कंडेन्सर लावले. माझं सोल्डरिंग वाईट आहे, दोनदा उखडून लावावं लागलं. प्रोग्रॅममध्ये तीन ओळी बदलल्या. पुन्हा पाण्यात टाकला. थर्मामीटर सेहेचाळीस, पेटी सेहेचाळीस. चार नंबर आपल्या जागी, बाजूच्या पाच नंबरइतकाच.

घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं लागली होती. ज्यासाठी मी तुमच्याशी अडीच महिने नीट बोललो नाही, ते काम चाळीस मिनिटांचं होतं. मी तिथे बसून मोठ्याने शिवी दिली. कोणाला ते माहीत नाही.

तेव्हा पहिल्यांदा मला खरी भीती वाटली. रोहण्याच्या गोदामात त्या चार पेट्या तशाच होत्या. एखाद्या थप्पीत बी तापलं असेल आणि बाजूचे सेन्सर थंड पोत्यांत असतील, तर पेटी तीन डिग्री कमी दाखवणार. लाल दिवा लागायला हवा, तो लागणार नाही. बायका पेटीकडे पाहून निश्चिंत राहणार. जूनमध्ये गावभर तेच बी पेरलं जाणार.

दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकली. इस्त्री, कंडेन्सर, लॅपटॉप पिशवीत घातले आणि पुलगावहून आर्वीची एसटी धरली. रस्ताभर मी मंदाबाईंना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. 'थोडी सुधारणा करायची आहे' हे वाक्य सगळ्यात आधी सुचलं. अर्ध्या रस्त्यापर्यंत ते मला चांगलंही वाटत होतं. नंतर लाज वाटली.

गोदामात मंदाबाई आणि आणखी तिघी पोत्यांची मोजणी करत होत्या. मंदाबाई साठीच्या, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं खणखणीत. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. पेट्या चुकीचं दाखवतात. चूक माझी आहे. शोभाताईंनी मला बसवण्याआधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तुमचं बियाणं बिघडलं असेल तर तेही माझ्यामुळे.

मंदाबाईंनी मला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं.

"ते आमाले माईत हाय, सर."

"काय माहीत आहे?"

"पेट्या कमी दाखवते म्हनून. शोभा येऊन सांगून गेलती. पेट्या बसवल्यावर दुसऱ्याच ऐतवारी. एकलीच आलती, एसटीनं."

मी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

मंदाबाई सांगत गेल्या. तुम्ही आलात, पदर खोचलात आणि प्रत्येक थप्पीत कोपरापर्यंत हात घालून पाहिलंत. मधली थप्पी खालच्या अंगाने कोमट लागली. पेटीवर दिवा नव्हता. मागच्या भिंतीला पलीकडच्या टाकीची ओल आली होती, ती पोत्यांत चढत होती. तुम्ही त्यांच्याकडून ती थप्पी उतरवून घेतली, बी सावलीत पसरायला लावलं, भिंतीपासून दोन हात अंतर सोडून लाकडी फळ्यांवर नवी थप्पी लावायला सांगितली. जाताना म्हणालात, पेटी पाहत जा, पण रोज सकाळी हात घालायचं सोडू नका. पंधरा दिवसांनी त्यांनी त्या पोत्यांतले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवून पाहिले. चांगले उगवले.

"मग मला का कळवलं नाही?" माझा आवाज चढला. तिथेही मी चिडलो, शोभाताई. बी वाचलं होतं, आणि मी चिडलो होतो. "एक फोन करायचा. मी आलो असतो."

मंदाबाईंनी दुसरीकडे पाहिलं. तिघींपैकी एक म्हणाली, "आमी म्हटलं तिले, सरले सांगू का. तं नाई म्हने. सर सोताच येतीन म्हने. त्याहिले कळलं हाय, फक्त घाई हाय त्याहिले. येऊ द्या."

"आणि नसतो आलो तर?"

"मीबी तेच इचारलं," मंदाबाई म्हणाल्या. "तं म्हने, परीक्षा होऊ द्या. नाई आले तं कान धरून आनीन."

त्या हसल्या आणि मग हसता हसता डोळे पुसले. तुम्ही गेल्याचं त्यांना कळलं होतं, तेरवीला गटातल्या दोघी येऊनही गेल्या होत्या. मी त्यांना मांडवात ओळखलंच नव्हतं.

तुम्हाला कळत होतं की मला कळलं आहे. म्हणजे त्या अडीच महिन्यांत तुम्ही रुसलेल्या नव्हता, वाट पाहत होता. हे मला आधी कळलं असतं तर त्या मंगळवारी मी वर पाहिलं असतं का? बहुतेक पाहिलं असतं. मला याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो. तुम्ही ज्या बायकांना जेमतेम ओळखत होता त्यांना माझ्याबद्दल जे सांगितलं, ते मला सांगितलं नाहीत. एवढा विश्वास होता तर तोंडावर बोलायचं होतं. वर्गासमोर माझी चूक काढताना तुम्ही कधी मागेपुढे पाहिलं नाहीत, मग हेच तेवढं पोटात का ठेवलंत? आणि मी तरी? तुमच्यावाचून माझं अडतं, हे मी एकवीस वर्षांत एकदाही म्हटलं नाही. आपण दोघंही एकमेकांचं बरं ते दुसऱ्याच कोणाला तरी सांगत राहिलो.

गोदामाच्या दारात उजेड होता, तिथे चटई टाकून मी बसलो. एक एक पेटी उघडली. बत्तीस कंडेन्सर लावायचे होते, आणि लॅपटॉपवरून प्रत्येकीत नवा प्रोग्रॅम घालायचा होता. मंदाबाईंची सून बोर्ड धरून बसली, तिला मी कुठे धरायचं, कुठे बोट लावायचं नाही ते सांगत होतो. दुपार टळली. त्यांनी भाकरी आणि वांग्याची भाजी आणून दिली, हात धुऊन जेवलो, पुन्हा बसलो. प्रत्येक पेटी झाली की गरम पाण्यात एक सेन्सर, बाजूला काचेचा थर्मामीटर, आणि बायका वाकून दोन्ही आकडे वाचायच्या. जुळले की मगच पुढची.

चौथी पेटी बंद करून मी स्क्रू आवळत होतो. मंदाबाई वर उभ्या राहून पाहत होत्या.

"शोभानं सांगतलं होतं तसंच केलं ना, सर?"

"हो," मी म्हटलं. "त्यांनी सांगितलं होतं तसंच. त्यांचं बरोबर होतं."

हे मी लॅबमध्ये, त्या मुलांसमोर, तुमच्याकडे पाहून म्हणायला हवं होतं. ते रोहण्याच्या गोदामात चार बायकांसमोर म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि पेट्या उचलून थप्पीकडे नेल्या.